खोड जाड कसं होतं, लाकूड कसं बनतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात आपण जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि तिथेच धडा संपतो. लाकूड होतं कसं, हा प्रश्न त्यापुढचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याची उत्तरं रेणूंच्या पातळीवर बरीच हाती आली आहेत. ती वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते: पेशीचं लाकूड करणं झाडाला तसं सोपं जातं, योग्य वेळेपर्यंत ते थोपवून धरणं अवघड.

उंच होणं आणि जाड होणं, ही एकच वाढ आहे का?

नाही. उंची वाढते ती फक्त शेंड्यांना. तिथल्या पेशी विभागतात, लांबतात आणि जुना भाग खाली तसाच राहतो. म्हणून छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर सापडतो, फक्त लाकडाने त्याला अर्धाअधिक गिळलेलं असतं. खोडाचा घेर वाढवणारी पेशींची फळी वेगळी. तिचं नाव कॅम्बियम, मराठी वनस्पतिशास्त्रात ऊतककर.

हे कॅम्बियम असतं कुठे?

साल आणि लाकूड यांच्या मधोमध, खोडाभोवती नळीसारखं गुंडाळलेलं. ऐन हंगामात झाडाची साल सहज सुटून येते आणि खाली ओलं, बुळबुळीत लागतं, ते कॅम्बियम आणि त्याच्या नुकत्या जन्मलेल्या पेशी. पेशींच्या मोजक्या थरांची ही पट्टी नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही.

तिच्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींपासून उभ्या वाहिन्या आणि तंतू बनतात. आखूड पेशींपासून लाकडात आडवे जाणारे किरण बनतात. विभाजनही दोन दिशांनी होतं. एक खोडाची जाडी वाढवणारं, आणि दुसरं, फार क्वचित होणारं पण तितकंच गरजेचं, कॅम्बियमचा स्वतःचा घेर वाढवणारं. खोड फुगत जाताना भोवतालची नळी फाटत नाही ती या दुसऱ्या विभाजनामुळे.

एकच थर आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल कसा देतो?

यावर बराच काळ वाद होता. काहींच्या मते लाकडाच्या मूळपेशी (म्हणजे विभागत राहून नव्या पेशी देणाऱ्या पेशी) वेगळ्या आणि सालीच्या वेगळ्या. २०१९ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पेशीवर कायमची खूण करून तिच्या लेकीबाळी कुठे जातात ते त्यांत पाहिलं होतं. एकाच मूळपेशीची संतती दोन्हीकडे जाते, असं दिसलं. आत पडलेली लेक लाकूड होते, बाहेर पडलेली रसवाहिनी, म्हणजे सालीचा आतला भाग. मधली मात्र तरुण राहते. आतल्या बाजूला कित्येक पट जास्त पेशी पडतात, म्हणून खोडात लाकूड भरपूर आणि साल पातळ.

पण आपण आत आहोत की बाहेर, हे पेशीला कळतं कसं?

पेशीला डोळे नाहीत, पण दोन्ही बाजूंनी निरोप येत असतात.

पहिला निरोप ऑक्सिनचा. हे संप्रेरक कोवळ्या पानांत आणि शेंड्यांत तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली उतरतं. पेशीच्या खालच्या टोकाला ऑक्सिन बाहेर ढकलणारी पिन नावाची प्रथिनं बसलेली असतात, त्यामुळे प्रवाहाला दिशा मिळते. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी स्कॉट्स पाइनचं खोड गोठवून सालीपासून लाकडाकडे अतिशय पातळ काप घेतले आणि प्रत्येक कापातलं ऑक्सिन मोजलं. सर्वांत जास्त प्रमाण कॅम्बियमच्या पट्ट्यात होतं आणि दोन्हीकडे ते झपाट्याने उतरत गेलं होतं. म्हणजे आपल्याभोवती ऑक्सिन किती, यावरून पेशीला आपली जागा समजू शकते. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या मुळात तर असं दिसलं आहे की ऑक्सिनचा प्रभाव सर्वाधिक असलेल्या पेशी स्वतः विभागत नाहीत. त्या लाकडाच्या वाटेला लागतात आणि शेजारणीला मूळपेशी म्हणून राहायला भाग पाडतात.

दुसरा निरोप उलट बाजूने येतो, आणि मला तो जास्त रंजक वाटतो. टोकियो विद्यापीठातले हिरू फुकुदा झिनियाच्या पानांतल्या सुट्या पेशी द्रवात वाढवत असत. ऑक्सिन आणि सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक दिलं की त्या हिरव्या पेशी तीन-चार दिवसांत जलवाहिनीच्या पेशी होत. हा बदल रोखणारं काहीतरी द्रवात असतं, हे त्यांच्या गटाच्या लक्षात आलं आणि २००६ मध्ये ते सापडलं. अवघ्या १२ अमिनो आम्लांची ती साखळी होती. तिला टीडीआयएफ म्हणतात. झाडात ती रसवाहिन्यांच्या बाजूला बनते, झिरपत कॅम्बियमपर्यंत येते आणि तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या पीएक्सवाय या ग्राही, म्हणजे निरोप झेलणाऱ्या, प्रथिनाला चिकटते.

चिकटल्यावर दोन गोष्टी होतात. वॉक्स-४ हे जनुक जागं होतं आणि पेशी विभागत राहते. शिवाय जीएसके-३ गटातली विकरं कामाला लागतात आणि पेशीला लाकडाकडे नेणाऱ्या बीईएस-१ या प्रथिनाला दाबून ठेवतात. म्हणजे ‘विभागत राहा’ आणि ‘लाकूड होऊ नकोस’ हे दोन्ही हुकूम एकाच रेणूतून येतात. पेशी ढकलली जात जात सालीपासून दूर गेली की हा निरोप विरत जातो आणि ती लाकूड व्हायला मोकळी होते.

निरोप कुठून येतो याला फार महत्त्व आहे. पॉप्लरच्या झाडात हा रेणू सगळीकडे बनवायला लावला तेव्हा पेशींची शिस्त मोडली आणि लाकूड वेडंवाकडं झालं. तोच रेणू रसवाहिन्यांत आणि त्याचा ग्राही कॅम्बियमच्याच पट्ट्यात वाढवला तेव्हा मात्र रचना नीट राहून लाकूड बनण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. हे काम २०१५ चं.

मग झाडाला ऑक्सिन पाजलं की खोड जाड होईल का?

एवढं सोपं नाही. सायटोकायनिन नसेल तर कॅम्बियमच तयार होत नाही. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये ते बनवणारी चार जनुकं निकामी केली तर खोड काडीसारखं बारीक राहतं. बाहेरून सायटोकायनिन दिलं की पुन्हा जाड होऊ लागतं. जिबरेलिन वाढलं की तंतू लांब होतात. या संप्रेरकांचा ताळमेळ झाड स्वतः सांभाळतं. वरून एकाचीच भर घातली तर तो बिघडण्याचीच शक्यता जास्त.

लाकूड व्हायचं ठरलं की पेशीत पहिलं काय बदलतं?

आधी ती फुगते, कारण भिंत कडक झाल्यावर आकार बदलता येत नाही. मग काही नियंत्रक जनुकं चालू होतात. वाहिनी व्हायचं असेल तर व्हीएनडी गटातली, तंतू व्हायचं असेल तर एनएसटी गटातली. त्यांच्या हाताखाली एमवायबी-४६ आणि एमवायबी-८३, आणि त्यांच्याही हाताखाली सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे भिंतीचे घटक बनवणारी कामकरी जनुकं.

या वरच्या जनुकांचा अधिकार थक्क करणारा आहे. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी व्हीएनडी-७ हे जनुक रोपात सगळीकडे चालू केलं, तर पानातल्या पेशीसुद्धा जलवाहिनीच्या पेशी होऊ लागल्या. पेशीला लाकडाकडे जायला एक कळ पुरते. ती वाटेल तेव्हा दाबली जाऊ नये म्हणूनच मघाच्या टीडीआयएफसारखे पहारेकरी लागतात. याउलट एनएसटी गटातली दोन जनुकं निकामी केलेल्या रोपांत तंतूंच्या भिंती जाड होत नाहीत, आणि वाढलेली दांडी स्वतःच्या भाराने कलंडते.

सेल्युलोज कसा विणला जातो?

पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसणारी प्रथिनांची जुळणी बसलेली असते. आधी अंदाज होता की अशा एका जुळणीत सेल्युलोज बनवणारी ३६ प्रथिनं असावीत. आता १८ हा आकडा जास्त पटणारा मानला जातो. प्रत्येक प्रथिन पेशीच्या आतून ग्लुकोजचा एकेक रेणू घेतं, साखळीला जोडतं आणि साखळी बाहेर सोडतं. शेजारच्या साखळ्या बाहेर पडताच एकमेकींना बिलगतात आणि सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा एक सूक्ष्म धागा होतो. कोळी धागा सोडत पुढे सरकतो तशी ही जुळणी धागा सोडता सोडता पटलात सरकते, मिनिटाला सुमारे ३०० नॅनोमीटर. पुढे नेणारं बळ साखळी लांबण्यातूनच मिळतं. दिशा मात्र पटलाखालच्या सूक्ष्मनलिका ठरवतात. २००६ मध्ये या जुळण्यांना चमकणारं प्रथिन जोडून जिवंत पेशीत त्यांचा प्रवास पाहिला गेला. रुळावरून गाड्या जाव्यात तशा त्या नलिकांवरून जात होत्या, असं म्हणायचा मोह होतो, पण त्या बांधलेल्या नसतात. नलिका मोडल्या तरी धागा निघतच राहतो, फक्त दिशा हरवते.

कोवळ्या, ताणल्या जाणाऱ्या भिंतीसाठी आणि लाकडाच्या जाड भिंतीसाठी ही प्रथिनं वेगवेगळी असतात. लाकडासाठी सीईएसए-४, ७ आणि ८ असे तिघं लागतात, आणि तिघांपैकी एकही नसून चालत नाही. तसं झालं तर वाहिन्या आत चेपल्या जातात. कारण झाडात पाणी वर ओढलं जातं, खालून ढकललं जात नाही, आणि त्या ओढीने नळीच्या भिंती सतत आत खेचल्या जात असतात.

जाड भिंतीत बाहेरून आत तीन थर असतात. मधला सर्वांत जाड. त्यातले धागे पेशीच्या लांबीला जवळजवळ समांतर, किंचित तिरके जातात. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरतं आणि आडवं तोडायला जोर लागतो, याचं बरंचसं कारण इथे आहे.

आणि लिग्निन?

याबद्दल थोडं सविस्तर, कारण गैरसमजही याच्याबद्दलच जास्त. वाळलेल्या लाकडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतो आणि २० ते ३० टक्के लिग्निन. उरलेलं बहुतेक हेमिसेल्युलोज. सेल्युलोज ओळखला तो फ्रान्सच्या आन्सेल्म पायेन यांनी, १८३८ मध्ये. लाकडावर आम्लाची आणि अल्कलीची प्रक्रिया करून त्यांनी तो वेगळा काढला.

लिग्निनची सुरुवात फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून होते. पाल नावाचं विकर त्याच्यातला अमोनिया काढून घेतं. नायट्रोजन झाडाला मोलाचा असल्यामुळे तो अमोनिया पुन्हा वापरात आणला जातो. पुढे एकामागून एक विकरं रेणूत बदल करत जातात आणि शेवटी तीन प्रकारची अल्कोहोलं तयार होतात: कुमारिल, कोनिफेरिल आणि सिनापिल. ती भिंतीत पोचली की लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं त्यांचा एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतात. त्यातून अस्थिर मूलकं बनतात, आणि ती आपसात जुळत जातात.

गंमत ही की या जुळणीला आराखडा नाही. प्रथिनात अमिनो आम्लांचा क्रम डीएनए ठरवतो. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजमागे ग्लुकोज ठरलेलाच. लिग्निनमध्ये मात्र कोणतंही विकर क्रम ठरवत नाही. जो रेणू जवळ असेल तो जोडला जातो, तोही वेगवेगळ्या प्रकारच्या बंधांनी. म्हणूनच लिग्निन कुजवणं इतकं कठीण. ठरावीक बंध ओळखून कापणाऱ्या विकरांना धरायला तिथे नियमित असं काही सापडत नाही.

झाडाला एवढंच हातात ठेवता येतं की कोणतं अल्कोहोल किती पाठवायचं. पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी झाडांत जवळजवळ सगळं कोनिफेरिल. रुंद पानांच्या झाडांत सिनापिलही भरपूर. सिनापिलच्या रेणूतल्या कड्यावर जोडणीच्या जास्त जागा आधीच अडलेल्या असतात, त्यामुळे त्याचं लिग्निन कमी गुंतागुंतीचं होतं आणि कागदासाठी लगदा करताना लवकर सुटतं.

लिग्निन आधी पेशींच्या कोपऱ्यांत आणि दोन पेशींमधल्या सांध्यात बसतं, मग भिंतीच्या आतल्या थरांत उतरतं. पाण्याला हटवून ते धाग्यांमधली जागा भरतं. त्यामुळे भिंत दाबाला टिकते आणि नळी गळत नाही.

वाहिनीची पेशी मरते, असं वाचलं. आजारपणाने?

नाही, ठरवून. पोकळ नळी व्हायचं तर आतला जीव रिकामा करावाच लागतो. भिंत बांधत असतानाच पेशी प्रथिनं आणि डीएनए पचवणारी विकरं बनवून रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत, साठवून ठेवते. वेळ आली की रिक्तिका फुटते, काही मिनिटांत केंद्रक विरघळू लागतं आणि पेशी आतून साफ होते. टोकाच्या भिंतींना भोकं पडतात, आणि एकावर एक रचलेल्या पेशींची सलग नळी होते. तंतू असे घाईने मरत नाहीत, ते जास्त दिवस जगून भिंत आणखी जाड करत राहतात.

मेल्यानंतरही वाहिनीचं काम संपत नाही. शेजारच्या जिवंत पेशी तिच्या भिंतीला लिग्निनचा कच्चा माल पुरवत राहतात, म्हणून ती मृत्यूनंतरही कडक होत जाते.

म्हणजे लाकडात जिवंत काहीच नसतं?

असतं. किरणांतल्या आणि वाहिन्यांलगतच्या पेशी वर्षानुवर्षं जगतात, अन्न साठवतात. त्याही मरतात तेव्हा जाताना रंगद्रव्यं आणि बुरशीला न मानवणारी रसायनं सोडून जातात. तोच गडद गाभा. पाणी नेणारं लाकूड त्याच्या बाहेरचं, फिकट.

लाकडाचं वजन मातीतून येतं ना?

नाही, मुख्यतः हवेतून. कोरड्या लाकडाचं सुमारे निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो सगळा पानांनी घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. पानांतून साखर रसवाहिन्यांवाटे खाली येते आणि कॅम्बियमजवळ उतरते. मातीतून येतं ते पाणी आणि थोडे क्षार.

वार्षिक वलयं कशी पडतात?

हंगामाच्या सुरुवातीच्या पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या, शेवटच्या लहान आणि जाड भिंतींच्या. फिकटानंतर गडद, आणि पुढच्या वर्षी अचानक पुन्हा फिकट, तीच रेघ. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की झाड थंडी पडण्याआधीच वाढ आवरतं. पॉप्लरमध्ये दिवसाची लांबी ओळखणारी ही यंत्रणा फुलोऱ्याची वेळ ठरवणाऱ्या एफटी जनुकाचीच आहे. ज्या प्रदेशात ऋतूंत फार फरक नसतो तिथल्या अनेक झाडांत वलयं पुसट असतात किंवा नसतातच, आणि तिथे वलयं मोजून वय सांगणाऱ्याचं म्हणणं जरा जपूनच घ्यावं.

खोड वाकलं किंवा वाऱ्याने हलत राहिलं तर?

हलणारं खोड आखूड आणि जाड होतं. काठीला घट्ट बांधून वाढवलेलं रोप उंच आणि बारीक होतं, आणि काठी काढली की झुकतं.

वाकलेलं खोड सरळ करायला झाड वेगळंच लाकूड बनवतं. सूचिपर्णी झाडं खालच्या बाजूला जास्त लिग्निनचं लाकूड घालून खोड वर ढकलतात. रुंद पानांची झाडं वरच्या बाजूला तंतूंत जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा आतला थर घालतात, तो आक्रसतो आणि खोड वर ओढलं जातं. खाली कोणती बाजू, हे काही पेशींत बुडाशी बसणाऱ्या पिठूळ कणांवरून कळतं. त्यानुसार पिन प्रथिनं जागा बदलतात आणि ऑक्सिन एका बाजूला वळतं.

ताड, माड आणि बांबू यांचं काय?

त्यांना असं कॅम्बियमच नाही. माडाचं खोड वर जाण्याआधीच शेंड्यापाशी रुंद होतं, आणि नंतरची मजबुती जुन्या पेशींच्या भिंती जाड होण्यातून येते. बांबूचा कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच राहतो. केळीचं ‘खोड’ तर पानांच्या तळांची गुंडाळी.

ज्या रोपांना लाकूड नाही, त्यांच्यात ती जनुकंच नसतात?

बहुतेकांत असतात, फक्त वापरली जात नाहीत. २००८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी अ‍ॅराबिडॉप्सिसमधली सॉक-१ आणि फुल ही फुलोऱ्याशी संबंधित दोन जनुकं एकदम निकामी केली. काही महिन्यांत मरणारं ते रोप वर्षानुवर्षं जगणाऱ्या झुडपासारखं वाढू लागलं आणि त्याच्या खोडात लाकूड धरलं. नव्याने काहीच घातलं नव्हतं, अडसर तेवढा काढला होता.

सालीचं गोल कडं काढलं तर झाड का मरतं?

सालीबरोबर रसवाहिन्या जातात आणि मुळं उपाशी पडतात. लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जातच राहतं, म्हणून झाड लगेच कोमेजत नाही, आणि लोकांना वाटतं काही बिघडलं नाही. उघडी पडलेली जागा ओली राहिली तर काही जातींत अजून पुरत्या न पिकलेल्या लाकडाच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि नवं कॅम्बियम उभं राहतं. पेशी मेली की हा परतीचा रस्ता बंद.

पहिलं लाकूड कधी आलं?

सर्वांत जुने पुरावे सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत आहेत. त्या वनस्पती छोट्याशा होत्या, झाडं नव्हेत. त्यावरून असं दिसतं की लाकूड आधी पाणी वाहण्यासाठी आलं आणि उंच उभं राहण्याचं काम त्याच्याकडे नंतर आलं.

कमी लिग्निनची झाडं बनवता येतील का? कागदाचा खर्च वाचेल.

बनवली गेली आहेत. अडचण अशी की लिग्निन फार घटवलं की वाहिन्या चेपतात, पाणी चढत नाही आणि झाड खुजं राहतं. यावर एक हुशार तोड निघाली आहे. लिग्निनच्या वाटेवरचं सीसीआर हे विकर सगळीकडे बंद करायचं आणि फक्त वाहिन्यांत परत चालू करायचं. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये असं केल्यावर वाहिन्या पुन्हा गोल झाल्या आणि वाढ सुधारली, तंतूंतलं लिग्निन मात्र कमीच राहिलं. दुसरा मार्ग २०१४ मध्ये पॉप्लरमध्ये दाखवला गेला. लिग्निनचं प्रमाण तसंच ठेवून त्याच्या साखळीत अल्कलीने सहज तुटणारे बंध मधूनमधून पेरायचे. लिग्निनला ठरलेला क्रम नसल्यामुळेच हे जमतं. जरा वेगळा रेणू आला तरी तो साखळीत सामावला जातो.